शूर मुलीची गोष्ट अर्धीच का सांगता?

दर फेब्रुवारीत अमेरिकेतल्या शाळा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात आणि पहिली-दुसरीच्या वर्गात रूबी ब्रिजेसची गोष्ट हमखास येते. १४ नोव्हेंबर १९६० या दिवशी न्यू ऑर्लीन्समधल्या विल्यम फ्रांट्झ या गोऱ्यांच्या प्राथमिक शाळेत शिरलेली सहा वर्षांची काळी मुलगी. मुलं तिचं चित्र रंगवतात, 'रूबी शूर होती' असं खाली लिहितात, चित्र घरी येतं आणि फ्रिजवर लागतं. तिकडच्या कितीतरी मराठी घरांतल्या फ्रिजवरही लागलं असेल. गोष्ट खरी आहे. मुलगी खरोखरच शूर होती. माझी तक्रार अशी की ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते, आणि जो अर्धा भाग गाळला जातो त्यात सगळे गुन्हेगार आहेत.

नॉर्मन रॉकवेल यांनी १९६४ मध्ये काढलेलं या प्रसंगाचं चित्र जगप्रसिद्ध आहे. पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी हातात वही-पट्टी घेऊन ताठ चालते आहे, पुढे दोन आणि मागे दोन मार्शल, म्हणजे तिच्या संरक्षणाला दिलेले केंद्र सरकारचे अधिकारी, आहेत. भिंतीवर काळ्यांसाठीची शिवी खरडलेली आहे आणि नुकताच फेकलेला टोमॅटो फुटून खाली ओघळला आहे. टोमॅटो फेकणारा हात मात्र चित्रात नाही. गर्दी चौकटीबाहेर आहे, म्हणजे आपण चित्र पाहायला जिथे उभे राहतो त्याच बाजूला. रॉकवेल यांनी असं केलं त्यात धार आहे, कारण पाहणारा आपोआप गर्दीच्या जागी जाऊन उभा राहतो. शाळेच्या वर्गात ती धार उरत नाही. तिथे गर्दी चौकटीबाहेर गेली ती कायमचीच.

म्हणून आधी ही गर्दी कशी जमली ते सांगायला हवं. सार्वजनिक शाळांमध्ये गोऱ्या-काळ्यांची विभागणी घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी नऊ विरुद्ध शून्य मतांनी दिला. रूबीचा जन्म त्याच वर्षी सप्टेंबरमधला. ती पाळण्यातून उठून चालायला लागली, बोलायला लागली, शाळेच्या वयाची झाली, तरी तिच्या शहरात निकाल कागदावरच होता. शेवटी केंद्रीय न्यायाधीश स्केली राइट यांनी हुकूम काढला, तेव्हा शाळामंडळाने पळवाट शोधली. गोऱ्यांच्या शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या काळ्या मुलांची चाचणी घ्यायची आणि ती जमेल तितकी अवघड ठेवायची. गोऱ्या मुलांना अर्थातच अशी चाचणी नव्हती, त्यांचा प्रवेश जन्मानेच झालेला होता. चाळणी लावून लावून अखेर चार मुली उरल्या. चौघीही सहा वर्षांच्या. तिघी मॅकडोनो १९ या शाळेत गेल्या आणि रूबी एकटी फ्रांट्झमध्ये.

शाळेबाहेर ओरडणारी, वस्तू फेकणारी माणसं पाहून रूबीला वाटलं की मार्डी ग्रा आहे. न्यू ऑर्लीन्सच्या मुलांना रस्त्यावरची गर्दी आणि आरडाओरडा म्हटलं की तो सणच आठवणार. एका बाईने खेळण्यातल्या शवपेटीत काळी बाहुली ठेवून ती नाचवली. शिव्यांपेक्षा त्या बाहुलीची भीती जास्त वाटली, रात्री स्वप्नात ती यायची, असं रूबी ब्रिजेस यांनी मोठेपणी सांगितलं आहे. दुसरी एक बाई रोज विष घालून मारण्याची धमकी द्यायची, म्हणून घरून आणलेल्या डब्याखेरीज काही खायचं नाही असा मार्शलांनी दंडक घातला. गोऱ्या पालकांनी मुलं काढून घेतली. गोऱ्या शिक्षिकांनी तिला शिकवायला नकार दिला. बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या एकट्या बाई तयार झाल्या आणि त्यांनी वर्षभर एका रिकाम्या वर्गात एकाच विद्यार्थिनीला शिकवलं.

या वर्षातली एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. रूबी तिला शिव्या देणाऱ्यांसाठी देवाकडे प्रार्थना करायची. ती खरी आहे आणि मोठ्यांना फार आवडते, कारण तिच्यात मुलीने सगळ्यांना माफ करून टाकलेलं असतं. त्याच वर्षातली दुसरी गोष्ट मात्र कमी ऐकू येते. डबा एकटीने खावा लागतो म्हणून रूबीने खाणंच सोडलं. सँडविच ती वर्गातल्या कपाटात लपवायची, दूध डिंकाच्या बरणीत ओतून टाकायची. कपाटात उंदीर आणि झुरळं झाली तेव्हा प्रकार उघडकीला आला. तिला इतर मुलांबरोबर बसून जेवायचं होतं, बाकी काही नको होतं. मग बाई तिच्यासोबत डबा खायला लागल्या. सहा वर्षांचं पोर जेव्हा घास लपवतं तेव्हा ते आतून किती कोंडलेलं असतं, हे कुठल्याही आईला वेगळं सांगावं लागत नाही. प्रार्थना करणारी रूबी आणि कपाटात सँडविच लपवणारी रूबी एकच आहे. पहिलीला आपण पाठ्यपुस्तकात घेतलं, दुसरीला नाही घेतलं.

तिच्या घरच्यांनी काय भोगलं ते तर चित्रात कुठेच नाही. तिचे वडील कोरियाच्या युद्धात लढून आलेले. त्यांना मुलीला तिथे धाडायचंच नव्हतं, आई हट्टाला पेटली होती. वडील पेट्रोलपंपावर कामाला होते, ते काम गेलं. नेहमीच्या किराणा दुकानदाराने आईला माल द्यायचं बंद केलं. मिसिसिपीत दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने राबणाऱ्या आजी-आजोबांना त्या जमिनीवरून हाकललं. यातला एकही माणूस झुंडीत ओरडत नव्हता. पंपाचा मालक, वाणी, जमीनदार ही रोजच्या व्यवहारातली साळसूद माणसं. एकाने कामावरून काढलं, दुसऱ्याने पीठ-साखर दिली नाही, तिसऱ्याने जमिनीवरून उठवलं. झुंडीचा फोटो तरी निघाला, यांचा निघाला नाही.

तिला सोडायला येणाऱ्या मार्शलांपैकी चार्ल्स बर्क्स यांनी पुढे कौतुकाने सांगितलं की ती कधी रडली नाही, कुरकुरली नाही, छोट्या शिपायासारखी चालत राहिली. भल्या माणसाचे मनापासूनचे शब्द आहेत आणि तरीही ते मला खुपतात. सहा वर्षांच्या मुलीने शिपाई का व्हावं? न्यायालय, संसद, राज्यपाल, शाळामंडळ, पोलिस एवढा मोठ्यांचा लवाजमा असताना घटना अमलात आणायचं काम पहिलीतल्या मुलीच्या पायांवर कसं काय आलं? तिच्या धैर्याचं जितकं कौतुक करू तितका हा प्रश्न मागे पडतो.

आणि हे एकट्या रूबीच्या वाट्याला आलं असंही नाही. ४ सप्टेंबर १९५७ रोजी अर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकमध्ये पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड सेंट्रल हायस्कूलकडे एकटीच चालत गेली. गोऱ्यांच्या या शाळेत प्रवेश मिळालेली काळी मुलं नऊ होती. बाकीच्या आठ जणांनी एकत्र जायचं ठरलं होतं, पण हिच्या घरी फोन नसल्याने तिला निरोपच पोहोचला नाही. शाळेपुढे नॅशनल गार्डचे सैनिक पाहून तिला वाटलं की ते आपल्या संरक्षणाला आहेत. राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी त्यांना तिला अडवण्यासाठी उभं केलं होतं. सैनिकांनी वाट रोखली, मागे जमाव, तेव्हा तिने गर्दीत एखादा मायाळू चेहरा शोधला. एका वयस्क बाईंकडे तिने आशेने पाहिलं आणि त्या बाई तिच्यावर थुंकल्या.

१९६३ च्या मे महिन्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये वंशभेदाविरुद्ध शेकडो काळी शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली. पोलिस खात्याचे प्रमुख बुल कॉनर यांनी त्यांच्यावर अग्निशमन दलाचे पाण्याचे फवारे आणि कुत्रे सोडले. नऊ वर्षांच्या मुलीला आठवडाभर कोठडीत ठेवलं. मुलांना पुढे काढल्याबद्दल नागरी हक्कांच्या चळवळीवर तेव्हाही टीका झाली. खरी मर्दानगी असलेली माणसं पोरांना तोफेच्या तोंडी देत नाहीत, असं काळ्यांचे जहाल नेते माल्कम एक्स यांनी सुनावलं होतं. खुद्द मार्टिन लूथर किंग यांचंही मन आधी कचरत होतं. हा आक्षेप खोडून काढता येईल असं मला वाटत नाही, पण मुलंच का पुढे आली त्याचं उत्तर रूबीच्या वडिलांच्या पेट्रोलपंपावर सापडतं. आईबापांची नोकरी, कर्ज, घरभाडं सगळं गोऱ्यांच्या हातात. बाप मोर्चात दिसला की दुसऱ्या दिवशी चूल बंद. मुलाला नोकरीवरून काढता येत नाही. त्या सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. त्यातल्या शेवटच्या आरोपीला शिक्षा झाली ती २००२ मध्ये.

पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीची हकिगत. तिथे थुंकणं नाही, शवपेटी नाही, सगळं सभ्यपणे पार पडलं. फार्मव्हिल गावातल्या मोटन हायस्कूलमध्ये काळी मुलं शिकायची. इमारत १८० मुलांसाठी बांधलेली, मुलं ४५० च्या आसपास. जागा पुरेना म्हणून अंगणात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोल्या उभारल्या होत्या, आणि पावसात त्या गळायच्या. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने सगळ्या शाळेला संपावर नेलं. तिची मागणी चांगल्या इमारतीची होती. वकिलांनी तिचा खटला पुढे नेला आणि १९५४ च्या त्या ऐतिहासिक निकालात तो सामील झाला. जिंकली की ती!

मग १९५९ मध्ये काउंटीच्या कारभारी मंडळाने बैठक घेतली आणि सार्वजनिक शाळांसाठी पैसेच मंजूर केले नाहीत. एकत्र शाळा चालवण्यापेक्षा शाळाच नकोत! गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली आणि तिच्या फीसाठी सरकारी अनुदान व करसवलतीची सोय झाली. काळ्या मुलांना १९६४ पर्यंत, म्हणजे सलग पाच वर्षं, काउंटीत सरकारी शाळा नव्हती. काहींना आईबापांनी लांबच्या नातेवाइकांकडे धाडलं, काही चर्चच्या तळघरात जमेल तेवढं शिकली, काही पुन्हा कधीच शाळेत गेली नाहीत. सात वर्षांचं मूल बारा वर्षांचं झालं आणि त्याला वाचता येईना. आणि हे घडवायला काय लागलं? अंदाजपत्रकातला एक ठराव. कुणी सूचक, कुणी अनुमोदक.

ही हकिगत पहिलीतल्या मुलांना कशी सांगायची, असा प्रश्न आता येणार आणि तो रास्त आहे. अमेरिकेत हा वाद सध्या जोरात आहे. फ्लोरिडाने २०२२ मध्ये केलेल्या कायद्याचा एक भाग असा, की वंशाच्या कारणावरून विद्यार्थ्याला अपराधी वाटावं किंवा मानसिक त्रास व्हावा असं काही शिकवू नये. कायदा इतिहास शिकवायला मनाई करत नाही, उलट गुलामगिरी आणि वंशभेद शिकवा असंच म्हणतो. पण अशा शब्दांनी शाळा बिचकतात. मार्च २०२३ मध्ये त्याच राज्यातल्या सेंट पीटर्सबर्गच्या एका प्राथमिक शाळेत रूबीच्या आयुष्यावरच्या चित्रपटाला एका पालकाने हरकत घेतली. गोरे लोक काळ्यांचा द्वेष करतात असं दुसरीतली मुलं यातून शिकतील, ही भीती. शाळेने फेरविचार होईपर्यंत तो दाखवणं थांबवलं. पुढे शाळेच्या समितीने तो ठेवायला हरकत नाही असं ठरवलं, हे बरं झालं.

हरकत घेणाऱ्या पालकाची भीती मी उडवून लावणार नाही. आपल्या मुलाने स्वतःच्या कातडीची लाज बाळगू नये असं कुठल्या आईला वाटणार नाही? सात वर्षांच्या गोऱ्या मुलाने त्या बाहुलीवाल्या बाईचं पाप डोक्यावर घ्यावं असं मलाही वाटत नाही. पण मग याच न्यायाने विचारते, की शूर रूबीची अर्धी गोष्ट ऐकून वर्गातल्या काळ्या मुलीच्या मनात काय येत असेल? आपल्यासारखीवर कुणीतरी टोमॅटो फेकला, कुणी ते कळत नाही, का ते कळत नाही, आणि अशा वेळी रडायचं नसतं. तिच्या मानसिक त्रासाची नोंद कुठल्या कायद्यात होते?

आणि लहान मुलांना हे समजत नाही असं म्हणणाऱ्यांनी फ्रांट्झ शाळेतलाच एक प्रसंग पाहावा. शाळेत काही मोजकी गोरी मुलं राहिली होती, पण मुख्याध्यापिकेने त्यांना रूबीच्या नजरेपासून दूर, वेगळ्या वर्गात ठेवलं होतं. रूबीला नुसते आवाज ऐकू यायचे. हेन्री बाईंनी पाठपुरावा केला तेव्हा वर्ष सरता सरता तिची त्या मुलांशी गाठ पडली. त्यांतला एक मुलगा तिला म्हणाला, मी तुझ्याशी खेळणार नाही, आईने नको सांगितलंय, कारण तू निगर आहेस. तोवर रूबीला हा सगळा गोंधळ कशासाठी चाललाय ते उमगलं नव्हतं. त्या वाक्याने सगळा उलगडा झाला, असं रूबी ब्रिजेस सांगतात. तो मुलगाही सहाच वर्षांचा. त्याच्यात द्वेष होता असं मला वाटत नाही, तो आईचं ऐकत होता. म्हणजे सहाव्या वर्षी भेदाचा धडा शिकवून झालेला होता, आणि तो पक्का समजलेलाही होता. खोटं शिकायला जे वय पुरतं ते खरं शिकायला अपुरं कसं पडेल? आठवी-नववीपर्यंत थांबा म्हणणारे विसरतात, की तोवर घरातून, गल्लीतून, फोनमधून दुसरा अभ्यासक्रम चालूच असतो आणि त्याला कुणी हरकत घेत नाही.

बाहुल्यांच्या चाचणीबद्दलही मला हेच म्हणायचं आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास लहान मुलांपुढे गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या ठेवून विचारलं, चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती? बहुसंख्य काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शेवटचा प्रश्न आल्यावर काही मुलं रडत खोलीबाहेर निघून गेली. १९५४ च्या निकालात या अभ्यासाचा आधार आहे आणि त्याचं मोल मोठं आहे. पण त्या अभ्यासातली २५३ मुलं सगळी कृष्णवर्णीय होती. जखम कुठे झाली ते नीट मोजलं गेलं. 'तुझ्यासारखी कोणती' या प्रश्नाला न रडता, चटकन बोट दाखवणारं गोरं मूल काय शिकून बसलंय, त्याची तपासणी न्यायालयाला सुचली नाही.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. जात आणि वंश एक नाहीत, दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. पण लहान मुलाची हकिगत कशी सांगावी याचा वस्तुपाठ आपल्याकडे आहे. १९०१ मध्ये नऊ वर्षांचे भीमराव घरातल्या मुलांबरोबर मसूर स्टेशनावर उतरून वडिलांकडे निघाले, तो प्रवास बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यात 'मी किती धीराचा होतो' हे नाही. स्टेशनमास्तरने मुलांची प्रेमाने चौकशी केली, महार आहोत असं ऐकताच त्याचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. गाडीवान कुणी तयार होईना, शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर आला, तेही गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार या अटीवर. जकातनाक्यावरच्या माणसाकडून पाणी मिळालं नाही. प्रत्येक मोठ्या माणसाने नेमकं काय केलं ते एकेक करून कागदावर आलं आहे. शाळेत शिपाई आला तरच पाणी, हेही त्यांनी असंच नोंदवलं. दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या हुशार भीमाची गोष्ट आपणही मुलांना सांगतो. पण स्टेशनमास्तर आपल्या सांगण्यातून का गळतो?

अमेरिकेतल्या मराठी पालकांशी मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. हा गोऱ्या-काळ्यांचा जुना तंटा, आपण मधे कशाला पडा, असं बैठकींत, पॉटलकला ऐकू येतं. १९६५ च्या आधी अमेरिकेत स्थायिक व्हायला येणाऱ्या भारतीयांसाठी वर्षाला शंभर जागांचा कोटा होता. तो हटवणारा कायदा १९६५ मध्ये झाला तो नागरी हक्कांच्या चळवळीने देश ढवळून काढल्यावर, मताधिकाराचा कायदा झाला त्याच वर्षी. एडिसनला किंवा फ्रीमाँटला आपलं घर आहे त्यात बर्मिंगहॅमच्या पाण्याच्या फवाऱ्याखाली उभ्या राहिलेल्या पोरांचाही हात आहे. तेव्हा हा आपलाही विषय आहे. गणपतीत मुलांची नाटुकली बसवायला आपण जेवढा वेळ देतो, त्यातला थोडा इकडे द्यायला काहीच हरकत नाही.

करायचं काय, तर रूबीचं चित्र फ्रिजवर लागेल त्या दिवशी मुलाला तीन प्रश्न विचारा. बाहेर उभे होते ते कोण? वर्गात दुसरी मुलं का नव्हती? रूबीच्या बाबांची नोकरी कुणी घालवली? उत्तर ठाऊक नसेल तर शिक्षिकेला लिहून विचारा, गोडीतच विचारा, पण विचारा. कुठलं पुस्तक वर्गात राहील आणि कुठलं कपाटात जाईल हे बहुतेक ठिकाणी निवडून आलेलं शाळामंडळ ठरवतं आणि त्याच्या बैठकीत कोणत्याही पालकाला उठून दोन-तीन मिनिटं बोलता येतं. हरकत घेणारे तिथे नेमाने जातात. प्रिन्स एडवर्डच्या शाळा पाच वर्षं बंद राहिल्या त्या अशाच एका सभागृहातल्या ठरावाने, आणि आपल्या शाळेच्या पुढच्या बैठकीची तारीख मंडळाच्या संकेतस्थळावर लावलेली असते.